रुग्णांमध्ये रुग्ण झालेला ख्रिस्त

ख्रिस्ती चित्रकलेत दाता मध्यभागी आणि रुग्ण वा अपंग त्याच्या पायाशी, ही रचना शतकानुशतके रूढ होती. घोड्यावरून आपला झगा कापून भिकाऱ्यास देणारे संत मार्टिन हे तिचे परिचित उदाहरण होय. या रचनेस छेद देणाऱ्या एका वेदीचित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आल्सेस प्रांतातील आइझेनहाइम येथे संत अँथनीच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मठ होता. ‘संत अँथनीचा अग्नी’ या रोगाने पीडितांची शुश्रूषा करणे हे त्या संघाचे व्रत. राय या धान्यावरील विषारी बुरशीमुळे हा रोग होई; हातपाय जळल्यासारखे दुखत, काळे पडत, कधी कापावे लागत. कारण तेव्हा ठाऊक नव्हते. मठवासी रुग्णांना भाकरी, द्राक्षारस व मलम देत, आणि त्यांना वेदीसमोर आणीत असत, असे अभ्यासक मानतात.

त्या वेदीसाठी मातियास ग्रुनेवाल्ड याने सुमारे 1512 ते 1516 या काळात चित्रे रंगविली. आज ती कोलमार येथील संग्रहालयात आहेत. क्रुसावरील ख्रिस्ताची त्वचा हिरवट असून जखमांनी व रुतलेल्या काट्यांनी भरलेली आहे; बोटे वेदनेने ताठरली आहेत. खाटेवरील रुग्णास येथे स्वतःचेच शरीर दिसले असेल. शेजारी पवित्र मरिया कोसळत आहे आणि योहान तिला सावरून धरीत आहे. ख्रिस्ताची माताही येथे दुसऱ्याच्या हातावर विसंबते. वेदीची दारे उघडली की पुनरुत्थित ख्रिस्त दिसतो: त्वचा निर्मळ, पण खिळ्यांचे व्रण कायम. गौरवाने ते व्रण पुसले नाहीत.

या चित्राने कोणाचाही रोग हटला नसेल, आणि दुःखाचे गोडवे गाण्यासाठी त्याचा उपयोग करणे अन्यायाचे होईल. ग्रुनेवाल्डने वेदना तसूभरही सौम्य केलेली नाही. शिवाय मठात चित्राबरोबर भाकरी आणि मलमही होते.

मत्तयाच्या 25 व्या अध्यायावर आपण वारंवार प्रवचन करतो. तरीही रुग्णाच्या घरी जाताना ख्रिस्त आपणच घेऊन जात आहोत, असा समज धर्मगुरू व धर्मशिक्षकांच्या मनात सहज शिरतो. आइझेनहाइमची वेदी सांगते की तो आपल्या आधीच तेथे, त्या खाटेवर आहे. म्हणून उशी सरळ करणारा, पाणी पाजणारा हात उपकार करीत नाही. तो उपासना करतो.