टंचाईकालीन जलसंरक्षण (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या आणि मराठवाड्याच्या मानाने कितीतरी अधिक पर्जन्य लाभलेल्या या अरण्यप्रदेशात वैशाखात पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष पडते, त्याचे मुख्य कारण अवर्षण नसून पावसाळ्यात आलेले पाणी अडवून धरण्याची जुनी व्यवस्था क्षीण झाली, हे होय. गोंड राजांनी तलाव बांधणारास जमीन इनाम देण्याची चाल पाडली; पुढे मालगुजारांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांच्या) अमदानीत धानशेतीसाठी गावोगाव तलाव व बोड्या (लहान तळी) राखल्या गेल्या आणि त्यांच्या पाझरावर गावविहिरी उन्हाळाभर तगत. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारजमा झाले. परंतु पाळ बांधण्याची व गाळ उपसण्याची गावाची वहिवाट मात्र कोणाकडेच नीट सुपूर्द झाली नाही, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक गोष्ट होय.

टंचाई उद्भवल्यावर जिल्हा प्रशासनाच्या टंचाई आराखड्यानुसार खासगी विहिरींचे अधिग्रहण, नादुरुस्त हातपंपांची दुरुस्ती, नदीनाल्यांच्या पात्रात बुडक्या (तात्पुरत्या उथळ विहिरी) घेणे आणि अखेरीस टँकर, असे उपाय योजले जातात. १९९३ च्या भूजल अधिनियमाने टंचाईग्रस्त क्षेत्रात सार्वजनिक पेयजलस्रोतास बाधक ठरणाऱ्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रशासनास दिला. जंगलातील पाड्यांवर मात्र नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा हाच आजही अनेकदा शेवटचा आधार असतो. त्याच्या काठी गुरे येऊ न देणे, धुणे दूर नेणे व पाणी उकळून पिणे या तीन गोष्टींची हयगय तेथे थेट अतिसारास आमंत्रण देते. घरी आणलेल्या पाण्यातून पिण्याचे पाणी प्रथम वेगळे झाकून ठेवावे. आंघोळीचे व भांडी विसळल्याचे पाणी परसातील झाडांस घालावे.

घरगुती काटकसरीस तथापि मर्यादा आहे. चंद्रपूर शहर व तेथील महाऔष्णिक विद्युत केंद्र दोन्ही इरई धरणावर अवलंबून असून २०१० च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा खालावल्यामुळे केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. साठा निम्म्यावर येताच, तळ दिसू लागण्याची वाट न पाहता, उद्योगांच्या वापरात कपात सुरू करणे आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या मालगुजारी तलावांतील गाळ उपसणे, हीच दोन कामे येथे सर्वाधिक पाणी वाचवू शकतात. गुंडभर पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या बाईस काटकसर शिकविण्यापूर्वी ती व्हावयास हवीत.