निस्तार

कुणी घोळ घालून ठेवला की आपण त्याला म्हणतो, ‘आता तूच निस्तर.’ पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात हाच शब्द महसुली दप्तरात भेटतो, पण वेगळ्या अर्थाने. जळणाचे लाकूड, घराला लागणारे बांबू, गुरांची चराई, पाणी, गाळमाती हे सारे गरजेपुरते घेण्याचा गावकऱ्यांचा जो परंपरागत हक्क, तो तिथे ‘निस्तार’. माजी मालगुजारी तलावांचा इतिहास वाचताना या दोन अर्थांमधले अंतर मला पुन्हा पुन्हा जाणवत राहिले. एकात घेण्याचा अधिकार आहे, तर दुसऱ्यात सांभाळण्याची जबाबदारी. तलावांची कहाणी म्हणजे या दोहोंची झालेली फारकत आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जवळपास ७,००० तलाव आहेत. लोक त्यांना थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस कमी नाही. पण धानाला पाणी हवे असते तेव्हा तो असेलच असे नाही. रोवणी झाल्यावर पावसाने ओढ दिली, किंवा लोंबी भरण्याच्या वेळी आभाळ कोरडे राहिले, तर वर्ष बुडते. तेवढ्या एकदोन पाण्यांसाठी उतारावर पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा आणि तुडुमातून हवे तेवढे पाणी खालच्या बांध्यांत सोडायचे, अशी ही रचना.

हे काम प्रामुख्याने कोहळी समाजाचे. आपले पूर्वज बनारसकडून आले, आणि जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळेल असे गोंड राजाने वचन दिले, अशी त्यांची परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद आहे. नवेगावचा अफाट तलाव कोलू पाटलाने बांधला असे मानतात. पुढे लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देवपणही दिले. तलाव बांधणारा माणूस देव होतो, यावरून पाण्याचे मोल कळावे.

इंग्रजी अमलात, १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलावही त्यांचे झाले. इथे एका मोहापासून स्वतःला आवरावे लागते. आज या तलावांविषयी बोलताना ‘गावाने गावासाठी राखलेले पाणी’ असे सहज लिहिले जाते. पाळीवर माती टाकणारे हात गावाचेच होते, हे खरे. पण त्यांतले किती आपखुशीने आले आणि किती वेठीने, हा प्रश्न टाळता येत नाही. मालगुजाराची सीर जमीन त्याच पाण्यावर पिकत असे; तलाव टिकण्यात त्याचा रोकडा स्वार्थ होता. तरीही वाजिब-उल-अर्ज या दस्तात गावचे रिवाज नोंदले जात, आणि पाळ फुटली तर कुणाच्या दारात जायचे हे सर्वांना ठाऊक असे.

मध्य प्रदेश सरकारचा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले, लोकांचे निस्तार हक्क कागदावर कायम राहिले. मात्र मालगुजाराबरोबर त्याच्या दाराची पायरीही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच एक पायरी आली नाही. पुढे महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. वरचे जंगल वनखात्याचे, मासळीचा ठेका सहकारी संस्थेचा, बांधी शेतकऱ्याची. ज्या तलावाकडे गाव एक वस्तू म्हणून पाहत होते, त्याचे चार फायलींत चार तुकडे झाले. गाळ साचला, पाळीवर झाडे वाढली, काठाने बेशरम माजली. बाहेरून आणलेल्या रोहू-कटल्याच्या बिजाने उत्पन्न दिसू लागले, पण ढिवरांच्या ओळखीची गावठी मासळी कमी होत गेली.

या साऱ्यात ‘निस्तार’ हा शब्द मात्र मेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आहे, वाजिब-उल-अर्जही आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात, सामूहिक हक्क सांगताना, हा शब्द पुन्हा ठसठशीतपणे येतो; पाणवठ्यांतील मासळीवरचा हक्कही त्याच कलमात आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते याच कायद्याचे पाचवे कलम. जंगल, पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ते ग्रामसभेला देते. घेणे आणि सांभाळणे यांची पन्नासएक वर्षांची फारकत निदान वनहक्कापुरती तरी तिथे मिटते. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी चिखलात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि गावठी माशांना पुन्हा जागा करून दिली. पूर्वी पाळीवर राबणाऱ्यांना पाण्याच्या कारभारात जागा नव्हती; इथे कोणती वनस्पती लावायची आणि कोणती मासळी राखायची, हे पाण्यात उतरणाऱ्याच ठरवतात.

तलाव मालगुजाराला परत देता येणार नाहीत, देऊही नयेत. पण नुसत्या सरकारी दुरुस्तीनेही ते जगणार नाहीत. खात्याने गाळ काढला, तरी पुढच्या मृगाआधी पाळीवर फेरी मारणारे कुणीतरी गावातच असावे लागते. त्या कुणाचा तरी पाण्यावर, मासळीवर आणि निर्णयावर हक्क असेल, तरच तो ती फेरी मारील. निस्तार ज्यांचा, निस्तरायचेही त्यांनीच. आणि निस्तरतात जे, त्यांचाच निस्तार.