चित्रकथेची तीन रूपे

चित्रपट निर्माण करणाऱ्या शहरांत नागपूरचे नाव क्वचितच निघते. मुंबई, पुणे व कोल्हापूर यांनी चित्रे काढावी आणि नागपूरने ती पाहावी, अशी वाटणी पूर्वीपासून पडलेली आहे. व्यापाऱ्यांच्या भाषेत या मुलखाचे नाव 'सी. पी. बेरार'. तो प्रांत १९५० साली नाव बदलून मध्यप्रदेश झाला आणि १९५६ साली विदर्भ त्यातून निघाला. तरी वितरकांच्या वह्यांतून जुने नाव काही गेले नाही! अशा या प्रेक्षकांच्या नगरीत एक कथा मात्र प्रत्यक्ष घडली, प्रथम दूरचित्रवाणीवर व नंतर रुपेरी पडद्यावर गेली, आणि चित्रकथांच्या जाती लावणाऱ्या पंडितांना तिने थोडे अडचणीत टाकले.

हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांना एका पावसाळी दिवशी झोपडवस्तीतील मुले फुटकी बादली चेंडूप्रमाणे लाथाडीत खेळताना दिसली. त्यांतून २००१ साली 'स्लम सॉकर' हे कार्य उभे राहिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणीवरील मालिकेत ही हकीकत खरी माणसे समोर बसवून त्यांच्याच तोंडून सांगण्यात आली. पुढे ४ मार्च २०२२ रोजी श्री. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन शिक्षकाच्या भूमिकेत होते. परंतु त्यांच्या भोवतीची पोरे बहुतेक नागपूरच्याच वस्त्यांतून वेचलेली, अभिनयाचा गंध नसलेली अशी होती. या चित्रात मारामारी आहे, धावपळ आहे, पोट धरून हसविणारे प्रसंग आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी तर कॅमेरा केवळ वस्तीची नोंद करीत फिरतो आहे असे वाटते. मग याला साहसपट म्हणावे, विनोदी चित्र म्हणावे, की अनुबोधपट?

या तीन जाती मुळात वेगळ्या होत्या काय, हे पाहू गेल्यास मागे १८९९ सालापर्यंत जावे लागते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतील छायाचित्रणाचे व्यावसायिक. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने पाहिली. त्या नवलाने भारून जाऊन सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. आता ही कुस्ती साहसाचे चित्र म्हणावी की वार्तेचे? मल्ल खरे, डाव खरे. पण जोड लावली होती ती कॅमेऱ्यासाठी. १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्र त्यांनीच घेतले, आणि हिंदुस्थानातील वार्तापटाचा आरंभ तेथून मानण्यात येतो.

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण याहून मौजेचे आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. तत्पूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेत टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर चढले आणि भांडवल देणाराचा विश्वास बसला. देवादिकांच्या चित्रांचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांच्या कार्याचा पाया असा एका वाटाण्यावर आहे! पुढे थोड्याच काळात त्यांनी 'पिठाचे पंजे' हे लहानसे प्रहसनही काढले. एकाच हाताने पुराण, निरीक्षण व थट्टा ही तिन्ही कामे केली.

ताटातूट झाली ती पुढे, आणि ती मुख्यतः धंद्याने केली. तलवारबाजी व उड्या मास्टर विठ्ठलसारख्या नटांच्या वाट्याला आल्या. त्यांची लोकप्रियता एवढी की, त्यांनी जुनी कंपनी सोडली तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले व त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतले. मात्र १९३१ साली 'आलम आरा'मध्ये नायक झालेल्या या वीराला फारसे बोलू दिले नाही. बोलपटाला समशेरीपेक्षा उच्चार अधिक हवा होता. अनुबोधपट १९४८ पासून सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनकडे गेला. चित्रगृहांना तो मुख्य चित्रापूर्वी दाखविणे भागच होते. प्रेक्षक मात्र तेवढ्यात शेंगदाणे घेऊन येत. सक्तीने दाखविलेले सत्य कोणाला गोड लागावे?

विनोदाचे नशीब त्या मानाने बरे निघाले. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पुस्तकातून 'लग्न पहावे करून' (१९४०) व 'सरकारी पाहुणे' (१९४२) या विनायकांच्या चित्रांत आले. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन सुरू झाल्यावर, त्या दशकाच्या उत्तरार्धात, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्यांना घरोघर पोहोचविले. तेच घर, तीच माणसे, आणि दर खेपेस नवी फजिती, ही प्रसंगनिष्ठ विनोदाची घडण मराठी घराला परकी वाटली नाही. पण तो विनोद ज्या घरात घडे, ते पांढरपेशांचे घर होते. वस्तीतल्या पोराची फजिती घेऊन हसावे व त्याच वेळी त्याच्याच बाजूने उभे राहावे, हे त्या घडणीत बसत नव्हते.

'झुंड'मध्ये ते साधले आहे. महाविद्यालय व वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीअलीकडची पोरे पलीकडच्या गणवेशधारी संघाशी खेळावयास उतरतात, तो सामना सबंध विनोदाने रंगविलेला आहे; धावणे व पडणे खरे आहे, आणि हसू येते ते या पोरांना कोणी जिंकण्याच्या लायकीचे समजत नाही म्हणून. पुढे खेळण्यासाठी परदेशी जावयाचे ठरते आणि पारपत्राचा प्रश्न निघतो. एका आदिवासी मुलीचा बाप, आपण कोण हे कागदावर सिद्ध करण्यासाठी दारोदार फिरतो. सरकारी कचेरीपुढे चिमणरावही गोंधळले असते आणि वाचक हसले असते. येथे प्रसंग जवळजवळ तोच आहे. पण प्रेक्षागृहातले हसू हळूहळू थांबते. त्या बापाजवळ स्वतःचे नाव सांगण्यापलीकडे दाखविण्यासारखा पुरावा नसतो.