प्लगचा रंग, कूलंटचा रंग

मोटरसायकलच्या इंजिनापुढे रेडिएटर आला आणि घरच्या घरी गाडी नीट करण्याचे दिवस संपले, असं जुन्या गाड्यांवर जीव असलेली माणसं हळहळून सांगतात. बुलेट, राजदूत, आरएक्स हंड्रेड या हवेवर थंड होणाऱ्या गाड्या. त्यांचा मालक स्वतः पाना हातात घ्यायचा. आता इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं, नळ्या, पंप, थर्मोस्टॅट असतो, तेव्हा गाडी मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला न्यावी, असा त्यांचा निष्कर्ष. हळहळ खरी आहे, पण तिचं कारण चुकीच्या जागी शोधलं जातं. आपल्याकडच्या दुचाकीचा इतिहास सनावळीने पाहिला तर दिसतं, की घरची देखभाल ओसरू लागली तेव्हा रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक मोटरसायकल हवेवरच थंड होत होती. रेडिएटर रुळायला त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं गेली. शिवाय कूलंट बदलणं हे अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज करता येण्याजोगं काम आहे. मोडलेली सवय कशाने मोडली हे कळलं, तर ती पुन्हा जोडता येईल, म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे मोटरसायकलला पाणी नवीन नाही. डाइमलरने १८८५ साली बनवलेल्या लाकडी सांगाड्याच्या दुचाकीचं इंजिन हवेवर थंड होत होतं, हे खरं; पण कारखान्यात ओळीने तयार होऊन विकली गेलेली पहिली मोटरसायकल, म्युनिकची १८९४ची हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर, पाण्यावरची होती. तिचा मागचा मडगार्डच पाण्याची टाकी होता. इंग्लंडात यॉर्कशरच्या आल्फ्रेड स्कॉटने १९०८पासून पाण्यावर थंड होणारी टूस्ट्रोक गाडी विकायला सुरुवात केली. तिला पंपही नव्हता: तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार झालेलं खाली उतरतं, एवढ्यावर तिचं अभिसरण चाले. या गाडीने १९१२ आणि १९१३ साली आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. तरीही पुढची साठ वर्षं हवेचंच राज्य राहिलं, कारण सिलिंडरवर पट्ट्या ओतून काढल्या की वारा फुकट मिळतो. गळायला काही नाही, वजन कमी, किंमत कमी. पाणी मोठ्या गाड्यांतून ठळकपणे परतलं ते १९७१च्या सुझुकी जीटी ७५० आणि १९७५च्या होंडा गोल्डविंगमधून, शक्ती वाढली आणि नुसता वारा पुरेना तेव्हा.

आपल्याकडे या काळात वेगळंच चाललं होतं. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा आणि फरिदाबादला एस्कॉर्ट्सची राजदूत तयार होऊ लागली, आकुर्डीला बजाजची स्कूटर. परवान्यांच्या त्या राज्यात मागणी अफाट आणि उत्पादन मोजकं. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबत. एवढ्या प्रतीक्षेने आलेली गाडी विकून दुसरी घेण्याचा प्रश्नच नव्हता, ती जगवणं भाग होतं. आणि ती सतत लक्ष मागे. प्लॅटिनम पॉइंट घासून त्यांच्यातली फट पुन्हा लावायची, टूस्ट्रोकच्या सायलेन्सरमधला कार्बन खरवडून काढायचा, पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळायचं. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून त्यावर प्लग, वायसर, नट क्रमाने मांडून ठेवलेले असत. प्लग काढून त्याचं टोक उजेडात धरलं की इंजिनाची प्रकृती कळे: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरटलेलं असेल तर कमी जातंय आणि गाडी तापतेय. रंगावरून निदान करण्याची ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नव्हती; ती वडिलांकडून मुलाकडे, मेस्त्रीकडून गिऱ्हाइकाकडे जात होती.

ही विद्या इंजिन हवेवरचं होतं म्हणून जोपासली गेली का? इथे चारचाकी साक्षीला येते. कुर्ल्याला बनणारी फियाट आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर या दोन्ही पाण्याच्या गाड्या. त्यांचे मालकही बॉनेट उघडून रोज रेडिएटरचं झाकण काढत, पाण्याची पातळी पाहत, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघत. बोरघाटात वाफा सोडत उभी असलेली गाडी आणि बाजूला पाण्याचा डबा घेऊन ती निवण्याची वाट पाहणारं कुटुंब हे त्या काळचं नेहमीचं दृश्य होतं. म्हणजे पाणी असूनही घरची देखभाल चालू होती. तिच्या मुळाशी टंचाई होती आणि यंत्राची लक्ष मागण्याची खोड होती. थंड करण्याची पद्धत हे तिचं कारण नव्हतं. टंचाई हटली आणि यंत्राने लक्ष मागणं कमी केलं, तेव्हा देखभालही गेली. हे घडलं १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत, जपानी भागीदारीतून इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज बाजारात आल्या तेव्हा. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, हाच हीरो होंडाच्या फोरस्ट्रोक सीडी १००च्या जाहिरातीचा आशय होता, आणि गाडीने तो शब्द पाळला. पुढे पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळलं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची गरज फोरस्ट्रोकने संपवली. ही सगळी इंजिनं हवेवरचीच होती. विसरायला शिकवलं ते त्यांनी.

पाणी आलं त्यानंतर. सामान्य तरुणाच्या आवाक्यातल्या गाड्यांत त्याचा ठळक प्रवेश २००८च्या यामाहा आर१५ने झाला. २०१२ साली चाकणमध्ये बनलेली केटीएम २०० ड्यूक आणि पल्सर २०० एनएस यांनी ते रुळवलं. कारणं सरळ होती. पाण्याने वेढलेल्या सिलिंडरचं तापमान सिग्नलला थांबल्यावरही फारसं हलत नाही, त्यामुळे पिस्टनभोवतीची फट कमी ठेवता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं, धुराचे कडक नियम पाळणं सोपं जातं. २०१८ साली जावा परत आली ती रेडिएटर घेऊन, आणि तरी तिच्या सिलिंडरवर जुन्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या, डोळ्यांना ओळख पटावी म्हणून. २०२३ साली गोव्यात बाजारात आलेली हिमालयन ४५० ही रॉयल एन्फिल्डची पाण्यावरची पहिली गाडी. रेडिएटरचं आगमन आणि घरच्या पान्याचा अस्त यांच्यात असं पाव शतकाचं अंतर आहे.

आता कूलंट बदलण्याचं प्रत्यक्ष काम काय असतं ते पाहू. गाडी पूर्ण गार असली पाहिजे, रात्रभर उभी असेल तर उत्तम, कारण गरम रेडिएटरच्या आत दाब असतो आणि झाकण फिरवताच उकळता फवारा तोंडावर येतो. पाण्याच्या पंपाच्या झाकणाजवळ खालच्या बाजूला एक छोटा बोल्ट असतो. खाली परात ठेवून तो सोडवायचा. आधी धार बारीक येते. मग वर रेडिएटरचं झाकण उघडलं की आत हवा शिरते आणि धार एकदम मोठी होते. साधारण एक ते दीड लिटर द्रव निघतो. डिस्टिल्ड वॉटरने एकदा आतून धुवायचं, बोल्टचा वायसर नवा घालायचा, बोल्ट बेताने आवळायचा, कारण अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले तर किरकोळ काम महागात पडतं. मग कंपनीने सांगितलेला कूलंट सावकाश ओतायचा, नळ्या बोटांनी दाबून बुडबुडे बाहेर काढायचे, इंजिन थोडा वेळ चालवून, पुन्हा गार करून पातळी पाहायची. पॉइंटची फट लावण्यापेक्षा यात हाताचं कसब कमी लागतं, धीर जास्त लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला. आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणी घाला. हा सल्ला ट्रकच्या अड्ड्यावरून आलेला आहे आणि तिथे तो चालूनही गेला. जुन्या ट्रकचं इंजिन ओतीव लोखंडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, नळ्या रुंद, पाणी मुबलक आणि रोज बदलता येणारं. गळती झाली तर डाग देऊन बंद करणारा कारागीर नाक्यावर असे. मोटरसायकलचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, त्याच्या वाटा अरुंद, द्रव लिटरभर. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच या वाटांमध्ये बसतो. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल रेडिएटरसाठी विकलं जाऊ लागलं ते १९२०च्या दशकात, थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. त्याआधी अल्कोहोल आणि ग्लिसरीन वापरलं जाई. पण निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, तसंच साध्या दाबालाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं धातू राखतात. विदर्भातल्या मे महिन्यात या दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणाचंच मोल आहे. ती द्रव्यं काळाने संपतात, म्हणून गाडी फारशी फिरली नसली तरी दोन-तीन वर्षांनी कूलंट बदलायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे: हे विष आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. त्याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. म्हणून जुना कूलंट गटारात ओतणं हा गुन्हा समजावा. परात मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तो कधीही भरू नये. घट्ट झाकणाच्या कॅनवर नाव लिहून तो सर्व्हिस सेंटरकडे द्यावा आणि ते घेतील का, हे आधीच विचारून ठेवावं. मात्र धोका आहे म्हणून काम घरात नको, हा युक्तिवाद पुरा पडत नाही. बॅटरीचं अ‍ॅसिड आणि पेट्रोल आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं ते शिस्तीने. इथेही शिस्तच लागते.

तिसरा आक्षेप वॉरंटीचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. आजच्या गाडीतलं इंधनाचं गणित संगणक करतो, तिथे घरचा पाना पोहोचत नाही, हे कबूल करायला हवं. वॉरंटीच्या मुदतीत कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणेच चालावं, हेही. पण म्हणूनच कूलंटचं महत्त्व वाढतं. बंद पेटी झालेल्या गाडीत मालकाला स्वतः पाहता येईल असं जे थोडं उरलं आहे, त्यात हा द्रव येतो. परातीत पडलेला कूलंट बाटलीतल्या नव्या कूलंटशेजारी उजेडात धरावा. मूळचाच हिरवा किंवा निळा आणि निर्मळ असेल तर आत सगळं ठीक आहे. तांबूस गढूळ असेल तर कुठेतरी गंज धरला आहे. पांढरट साका असेल तर कुणीतरी नळाचं पाणी घातलं आहे, किंवा दोन जातींचे कूलंट एकत्र झाले आहेत. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा पंपाचं सील गेलं आहे आणि आता मेस्त्रीकडे जायलाच हवं. प्लगच्या टोकावरून इंजिन वाचणाऱ्या पिढीला ही भाषा परकी वाटणार नाही. तिने मुलांना प्लग दाखवला, तशीच ही परात दाखवावी.