खटक्याची कुळकथा

अमेरिकेतल्या गुरांच्या मुलखात फाटकांना तोटा नाही. पिकअप फाटकाशी येऊन थांबते. इंजिन चालूच. माणूस खाली उतरतो, साखळी काढतो, फाटक ढकलतो, परत चढतो, गाडी आत घेतो आणि पुन्हा उतरून फाटक लावतो. एकही वासरू बाहेर सुटता कामा नये. शेजारच्या सीटवर कुत्रा बसलेला असतो. मालक उतरून दार लोटतो तसा कुत्रा त्याच्या मागोमाग खिडकीशी येतो आणि पुढचे पाय दाराच्या हातटेकणीवर ठेवतो. दारं लॉक करायचं बटण नेमकं तिथेच असतं. खट्ट! चारही दारं बंद, किल्ली आत, इंजिन धडधडतंय आणि कुत्रा काचेतून बाहेर बघतोय.

असा प्रसंग पिकअपवाल्यांना नवा नाही. गाडी गिअरमध्ये पडली की दारं आपोआप लॉक होणं, एक दार उघडलं तरी बाकीची तीन बंदच राहणं, मागच्या दारातून दोर काढायला गेलं तर हँडल नुसतंच हातात येणं, या सगळ्या एकाच घराण्यातल्या तक्रारी आहेत. त्या घराण्याचं मूळ पिकअपमध्ये नाही. विजेच्या कुलपाचा हा खटका शहरातल्या मोटारीसाठी जन्मला आणि पुढे पिकअपमध्ये नांदायला आला.

महाराष्ट्रात पिकअप म्हटलं की भाजी नाहीतर दूध वाहणारी गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतही तिचा जन्म मालासाठीच झाला. फोर्डने १९२५ च्या एप्रिलमध्ये मॉडेल टी मोटारीच्या मागे कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. वर कापडी टप, बाजूला काचा नाहीत. अशा गाडीला कुलूप लावायचं तरी कशाला? वरून हात घातला की दार उघडलंच.

पुढे बंद केबिन आली, काचा आल्या आणि त्यांच्याबरोबर कुलूपही आलं, पण अर्धंच. १९४० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी पिकअपना किल्लीचं भोक फक्त उजव्या दाराला असे. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, चालक डावीकडे बसतो आणि पदपथ उजवीकडे येतो. तेव्हा चालकाने आपलं दार आतून बंद करायचं, सलग बाकावरून पलीकडे सरकायचं, पदपथाच्या बाजूला उतरायचं आणि ते दार किल्लीने लावायचं. दोन दारं, एक बाक, एक किल्ली. माणसाचा हात दोन्ही दारांपर्यंत पोचत होता, तोवर विजेच्या कुलपाची कोणाला गरजच नव्हती.

दारांची विजेवर चालणारी कुलपं त्याआधीच येऊन गेली होती. डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ कंपनीच्या चैनीच्या मोटारीत ती १९१४ मध्येच होती. नंतर जवळपास चार दशकं या कल्पनेकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही. १९५६ मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली आणि मग श्रीमंती गाड्यांत तिची चाल पडली. काही कंपन्यांनी इंजिनच्या ओढीतून तयार होणारी निर्वात पोकळी वापरून खटके ओढले. मर्सिडीजच्या गाड्यांत ही पद्धत पुष्कळ वर्षं टिकली. आज दाराच्या पत्र्याआड हाताच्या मुठीएवढी डबी असते. तिच्यात छोटी मोटर आणि दोन-तीन दातेरी चाकं. दारावर कान ठेवला तर ‘खट्ट’च्या आधीची बारीक घरघर स्पष्ट ऐकू येते.

मात्र कुलूप ‘आपोआप’ लागलं पाहिजे, ही कल्पना ऐषारामातून आली नाही. तिच्या मुळाशी अपघात आहेत, आणि त्या गोष्टीत ह्यू डीहेवन या माणसाला मोठं स्थान आहे.

डीहेवन अमेरिकन. १९१७ मध्ये तो कॅनडात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचं शिक्षण घेत होता. हवेत दोन विमानांची टक्कर झाली आणि त्यातून तो एकटा वाचला. त्याच्या पोटातल्या अवयवांना जबर इजा झाली होती, आणि ती कमरेच्या पट्ट्याच्या टोकदार बकलामुळे झाली असं त्याचं ठाम मत झालं. लोक त्याला नशीबवान म्हणत. त्याला ते उत्तर पटेना. माणूस कशाने मरतो आणि कशाने वाचतो, हे मोजता आलं पाहिजे असं त्याने धरलं. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांच्या नोंदी त्याने जमवल्या आणि १९४२ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. पडणारा देह कशावर आदळतो आणि तो धक्का किती जागेत विभागला जातो, यावर जगणं-मरणं ठरतं, हे त्याने दाखवलं.

कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालेलं हे काम १९५० च्या दशकात मोटारींकडे वळलं. पोलिसांचे पंचनामे आणि डॉक्टरांच्या नोंदी एकत्र ठेवून संशोधक अपघात तपासू लागले. पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसलं. धडक बसली की दार उघडतं आणि माणूस बाहेर फेकला जातो. बाहेर फेकला गेला तर निदान चेपून मरत नाही, असा तेव्हा सर्रास समज होता. आकडे उलट बोलत होते: जो गाडीत राहिला त्याची जगण्याची आशा कितीतरी जास्त. १९५६ च्या फोर्ड गाड्यांत म्हणून दुहेरी पकडीचे खटके आले, ते याच अभ्यासाचं फळ. मोटारींच्या सुरक्षिततेच्या इतिहासात सीट बेल्टचं नाव मोठं झालं. दाराच्या खटक्याला तेवढा मान कधी मिळाला नाही, आणि तो मिळायला हवा.

इथे कुलूप आणि खटका यांचं नातं समजून घेतलं पाहिजे. खटका दाराला चौकटीशी धरून ठेवतो. कुलूप बाहेरच्या हँडलची खटक्यावरची सत्ता काढून घेतं. गाडी कलंडताना बाहेरचं हँडल झाडाला, कठड्याला किंवा जमिनीला अडकलं, तर लॉक नसलेलं दार उघडू शकतं. लॉक असेल तर हँडल कितीही ओढलं गेलं तरी खटका हलत नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने दारांचं मानक १९६८ पासून मोटारींना लावलं आणि १९७२ पासून पिकअपसारख्या ट्रकना. त्या मानकात कुलूप हवं असं म्हटलं आहे. ते आपोआप लागलं पाहिजे असं मात्र म्हटलेलं नाही.

ते काम भीतीने केलं. १९९१ मध्ये डेट्रॉइटमध्ये चालकाला धाक दाखवून चालती गाडी पळवण्याचे प्रकार वाढले आणि ‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राने त्याला ‘कारजॅकिंग’ हा शब्द दिला. वर्षभरात तो देशाच्या तोंडी झाला, आणि १९९२ मध्ये हा प्रकार संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा ठरला. सिग्नलला थांबलेल्या गाडीचं दार बाहेरून उघडता येऊ नये, एवढ्यासाठी लोक गाडीकडे नव्या नजरेने पाहू लागले. गिअर टाकताच किंवा थोडा वेग घेताच दारं लावून घेणारी यंत्रणा फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत आधीपासून होती. आता ती साध्या गाड्यांतही उतरली.

त्याच सुमारास पिकअपचं रूपही पालटत होतं. फोर्डची एफ-मालिका १९८० च्या दशकापासून अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारी गाडी झाली होती. शाळेत मुलं सोडायलाही लोक तीच नेऊ लागले. त्याच मालिकेतल्या २००१ च्या एफ-१५० ला चार पूर्ण दारं मिळाली. चार दारांपर्यंत एका माणसाचा हात पोचत नाही, बाकावरून सरकायची जुनी युक्ती संपली आणि घरच्या मोटारीतली सगळी विजेची कुलपं पिकअपमध्ये शिरली. काम मात्र बदललं नाही. फाटकं तिथेच होती, दिवसातून चाळीसदा चढउतार तीच होती.

या गुंत्यावरचा सगळ्यांत चांगला तोडगा फोर्डनेच १९८० मध्ये काढून ठेवला होता. चालकाच्या दारावर पाच बटणं, प्रत्येकावर दोन आकडे: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-०. पाच आकडी खूण दाबली की दार उघडतं, आणि शेवटची दोन बटणं एकदम दाबली की सगळी दारं लागतात. थंडर्बर्ड आणि लिंकन या मोटारींच्या ग्राहकांसाठी केलेली ही सोय पुढे एफ-१५० वर आली आणि शिकारीला, मासेमारीला, शेतावर जाणाऱ्यांनी ती मनापासून उचलली. किल्ली आत राहिली तरी आकडे डोक्यात असतात. कुत्र्याने खटका पाडला तरी मालक बाहेरून पाच बोटांचं काम करून दार उघडतो. चिखलाच्या हातांनी, उणे दहा अंशांच्या थंडीत चालणारी अशी सोय मोबाइलच्या जमान्यातही मागे पडलेली नाही.

दुसरा उपाय म्हणजे ती यंत्रणा बंद करणं. अनेक फोर्ड गाड्यांत त्याचा एक ठरलेला क्रम असे: इग्निशन चालू करून अनलॉकचं बटण तीनदा दाबायचं, इग्निशन बंद करून पुन्हा तीनदा दाबायचं, मग इग्निशन चालू. हॉर्न एकदा वाजला की गाडी सूचना घ्यायला तयार. त्यानंतर अनलॉक आणि लॉक दाबून आपोआप लागणारं कुलूप काढून टाकता येतं. आता बऱ्याच पिकअपमध्ये हेच काम पडद्यावरच्या सेटिंगमध्ये होतं. टोयोटाच्या गाड्यांत दारं वेगावर लागावीत की गिअरवर, हे निवडता येतं. ही सगळी माहिती गाडीच्या पुस्तकात असते आणि ते पुस्तक बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर येत नाही.

गेल्या काही वर्षांत गोष्टीने आणखी एक वळण घेतलं, आणि ते काळजीचं आहे. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या टेस्लाच्या सायबरट्रक या पिकअपला बाहेर हँडलच नाही. खांबावरचं बटण दाबलं की दार विजेने उघडतं. आतूनही बटणच. वीज गेली तर पुढच्या दारांना हाताने ओढायची कळ आहे; मागच्या दारांची मात्र दारातल्या खणाच्या तळाशी, रबरी चटईखाली दडवलेली दोरी आहे. अंधारात, धुरात, घाबरलेल्या लहान मुलाला ती सापडेल अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे.

वीज गेल्यावर दार काय करतं, हे मुंबईला कोणी सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या विजेच्या काचा आणि सेंट्रल लॉक बंद पडले आणि काही जण बंद गाड्यांतच गुदमरून गेले. तेव्हापासून कितीतरी मुंबईकर गाडीत काच फोडायची हातोडी ठेवतात.

पुण्यात हायलक्स पिकअप घेणाऱ्याने किंवा न्यू जर्सीत एफ-१५० घेणाऱ्याने म्हणून एक काम पहिल्याच आठवड्यात करावं. गाडी दारात उभी असताना घरातल्या एकेकाला, मुलांनाही, मागच्या सीटवर बसवावं, सगळी दारं लॉक करावीत आणि बटणाला हात न लावता प्रत्येकाला आपलं दार स्वतः उघडायला लावावं. ज्याला जमणार नाही, त्याला हाताने उघडायची कळ कुठे आहे ते त्याच दिवशी दाखवून ठेवावं.