एक रत्तल धान्याचा हिशेब

आमच्या पेठेंत चार घरीं स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत. कांहीं दिवसांपूर्वीं त्या आपली शिधापत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या. पत्रिकेंतील प्रत्येकाची ओळख अंगठ्याच्या ठशानें नव्यानें पटवून देण्याचा नियम आला होता; आणि भांडीं घासून, पोळ्या भाजून झिजलेला त्यांचा अंगठा दुकानांतील यंत्राला ओळखूं येईना. धान्य थांबलें. "मास्तर, सरकार माझ्यावर कां हो रुसलें?" असें त्यांनीं मला विचारलें.

मीं त्यांना अर्ज लिहून दिला. पण तो 'रुसलें' शब्द मनांतून जाईना. रुसणें आणि प्रसन्न होणें हा राजाचा किंवा दैवताचा स्वभाव, कायद्याचा नव्हे. सरकारी धान्य ही मेहेरबानी कीं हक्क, आणि त्याचें माप बदललें म्हणजे शहाण्या माणसानें काय करावें, या प्रश्नाचा विचार याच पुणें शहरांत सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं झाला आहे. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१८७६ सालीं पावसानें दख्खनकडे पाठ फिरविली. सोलापूर, नगर, सातारा हे जिल्हे आणि पुणें जिल्ह्याचा इंदापूर-भीमथडीकडील पूर्व भाग होरपळून निघाला. सरकारनें तलाव, कालवे, सडका अशीं दुष्काळी कामें काढलीं. दौंड-मनमाड लोहमार्गाचें बरेंचसें मातीकाम या दुष्काळी मजुरांच्याच हातून झालें.

१८७७ च्या १ जानेवारीस लॉर्ड लिटन यांनीं दिल्लीस मोठा दरबार भरविला. त्या झगमगाटांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताचे साधे कपडे घालून गेले होते. त्याच महिन्यांत दुष्काळी खर्चाला आळा घालण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यांची नेमणूक झाली. या गृहस्थांनीं १८७३-७४ च्या बिहारांतील दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून असंख्य जीव वांचविले होते. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाहीं, उधळेपणाचा ठपका मात्र आला. या खेपेस त्यांनीं मूठ घट्ट आवळली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रत्तल, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर फार तर एक आणा. बायकामुलांना त्याहूनहि कमी, असें नवें माप ठरलें. त्यांतच जवळचीं लहान कामें बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचें धोरण आलें.

आपल्या गृहिणींना विचारा: एक रत्तल पिठाच्या पांच-सहा भाकरी होतील. मीठ, मिरची, सरपण आणि अंगावरचें पोर हें सारें त्या वरच्या पैशांत भागवावयाचें! मजुरांनीं काय केलें? हजारोंनीं काम सोडून ते चालते झाले. आणि येथेंच घात झाला. उपाशी माणूस न बोलतां निघून गेला, तेव्हां कित्येक अधिकाऱ्यांनीं त्याचा अर्थ असा लाविला कीं, यांना गरजच नव्हती.

हें मौन वाचा फुटून बोलतें केलें सार्वजनिक सभेनें. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेचे सभासद कांहीं खडी फोडावयास जात नव्हते. ते वकील, सावकार, इनामदार असे सुस्थित लोक होते. आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा सरकारी न्यायाधीश त्यांच्या पाठीशीं होता. या मंडळींनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून धान्याचे भाव, मजुरीचे दर व लोकांची स्थिति यांची माहिती मागविली, आणि सरकारास आंकड्यांनिशीं लिहिलें कीं, दुष्काळी मजुराला दिलेलें माप तुरुंगांतील कैद्याच्या शिध्यापेक्षांहि कमी आहे. तिकडे मद्रासेंत डॉक्टर कॉर्निश यांनीं दीड रत्तल धान्य आणि शिवाय डाळ-भाजी यांखालीं मनुष्य काम करूं शकत नाहीं असें बजाविलें, व मद्रास सरकारनें त्याच वर्षीं माप कांहींसें वाढविलें. सभेला लगेच यश आलें असें म्हणवत नाहीं. परंतु १८८० सालीं दुष्काळ आयोगाचा अहवाल झाला, त्यावरून दुष्काळाचे नियम बनले, आणि सरकारचें कर्तव्य प्रथमच कागदावर उतरलें.

त्या कागदाचें मोल टिळकांनीं ओळखलें. १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां 'केसरी'नें व सभेच्या प्रतिनिधींनीं तेच नियम खेडोपाडीं मराठींत समजावून सांगितले. मार्च १८९७ मध्यें सरकारनें सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचेच नियम लोकांना वाचून दाखविणें हा केवढा अपराध ठरला, पहा!

१९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी पोर होतों. तांबड्या मिलोची भाकरी मीं खाल्ली आहे, आणि कामावरच्या लोकांना सुकडी वांटल्याचें ऐकलें आहे. त्या अनुभवांतून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा निपजला. पुढें १९९७ पासून गरिबांचें धान्य वेगळें काढण्यांत आलें. १९९९ सालीं महाराष्ट्रांत पिवळ्या, केशरी व पांढऱ्या पत्रिका आल्या. आणि २०१३ च्या कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसाला महिना पांच किलो धान्याचा हक्क दिला. म्हणजे १८७७ सालीं जी याचना होती, तिचा कायदा झाला.

मग मास्तर कशासाठीं बोलतो, असें आपण म्हणाल. माप अजूनहि बदलतें, म्हणून. महामारींत, एप्रिल २०२० पासून, स्वस्त दराच्या पांच किलोंवर आणखी पांच किलो फुकट मिळत होते. जानेवारी २०२३ पासून पहिले पांच फुकट झाले आणि वरचे पांच बंद झाले. 'फुकट' हा शब्द सर्वांनीं ऐकला. दहाचे पांच झाले हें मात्र ज्याच्या डब्याचा तळ दिसला त्यालाच कळलें. शब्द मोठा झाला, माप लहान झालें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांना या धान्याची गरज नसेल. सार्वजनिक सभेच्या सभासदांनाहि नव्हती. पण आपल्या घरीं पोळ्या करणारी, जिना झाडणारी, दाराशीं पहारा करणारा, यांना ती आहे. आणि नियम वाचण्याची विद्या आपणांजवळ आहे. धान्य थांबलें तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचें धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. त्यांना एवढेंच सांगा कीं, रागावून घरीं बसूं नका. किती मिळालें तें तारखेसह लिहून ठेवा, पावती मागून घ्या, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

आमच्या बाईंच्या अर्जाचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. पण त्या अर्जाची पोंच त्यांनीं पत्रिकेच्या घडींत जपून ठेविली आहे. परवां भेटल्या तेव्हां 'सरकार रुसलें' असें त्या म्हणाल्या नाहींत. "मास्तर, तीस दिवस होऊन गेले कीं हो. आतां दुसरा अर्ज लिहूं या," असें म्हणाल्या.