तेलकट चिखलाची देणगी

५ सप्टेंबर १९२७. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पेशेलब्रॉनच्या एका तेलविहिरीत आन्री डॉल यांनी इलेक्ट्रोड सोडले. काम त्यांचे सासरे कॉनराड आणि चुलतसासरे मार्सेल या श्लुंबर्जे बंधूंचं. थोडं वर ओढायचं, थांबायचं, आकडा टिपायचा, आलेख हाताने काढायचा. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. सच्छिद्र थरात विद्युतरोध चढला की सगळे कान टवकारत.

मात्र इलेक्ट्रोड आणि खडक यांच्यामध्ये वीज वाहणारं काहीतरी लागतं. खोदकामाचा चिखल, विहिरीवरचे लोक ज्याला ‘मड’ म्हणतात, पाण्यात कालवलेला असेपर्यंत ते काम बिनबोभाट होत होतं. पुढे काही विहिरींत तो तेलात कालवू लागले, कारण पाणी शिरलं की तेलाचा थर बिघडतो. इलेक्ट्रोड मुके झाले.

दुसऱ्या महायुद्धात डॉल अमेरिकी सैन्यासाठी गाडीवर बसवायचा सुरुंगशोधक घडवत होते. मातीला स्पर्श न करता चुंबकीय क्षेत्राने धातूत प्रवाह उठवायचा आणि त्याचा माग काढायचा. हेच विहिरीत का नको? इंडक्शन लॉगिंगची ही पद्धत त्यांनी १९४९ मध्ये मांडली, आणि निबंधाच्या शीर्षकातच तेलाच्या मडचा उल्लेख केला.

एका कॉइलमधून सेकंदाला वीस हजार आवर्तनांचा प्रवाह सोडायचा. भोवतालच्या खडकात कड्यांसारखे प्रवाह फिरू लागतात; त्यांचं चुंबकीय क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. खडक जितका वाहक, तितका संकेत मोठा. खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या कॉइलचा थेट आवाज दुसरीला इतका मोठा ऐकू येतो, की खडकाचं म्हणणं टिपणं म्हणजे ढोलपथकात उभं राहून कुजबुज ऐकणं. डॉल यांनी जादा कॉइल उलट्या गुंडाळून हा गोंगाट बराचसा मारला. उरलेला थेट संकेत आणि खडकाचा संकेत यांच्यात पाव आवर्तनाचं अंतर असतं, म्हणून तोही वेगळा काढता येतो. माझ्या मते मूळ कल्पनेपेक्षा ही सफाई अधिक मोलाची.

अडलेल्या विहिरींसाठी काढलेला हा उपाय मग गोड्या पाण्याच्या मडमध्येही इलेक्ट्रोडांना मागे सारू लागला. कोरड्या विहिरीतही तो चालतो. खाऱ्या मडमध्ये मात्र प्रवाह चिखलातच घुटमळतात, आणि फार रोधक खडकाचा संकेत जेमतेम उरतो. तिथे पुन्हा इलेक्ट्रोडच लागतात. त्यांचा प्रवाह चिखलात न सांडता खडकात सरळ घुसवणारा लॅटरोलॉगही १९५१ मध्ये मांडला तो डॉल यांनीच.